ऑक्टेन आणि ओझं

माणसानं आयुष्यात एकदा तरी मोटारसायकलवरून लांबचा प्रवास करावा, असं माझं वयाच्या पंचविसाव्या वर्षापासूनचं मत आहे. मताला वय झालं, मलाही झालं, पण दोघंही वाशीमच्या बाहेर फारसे पडलो नाही. शेवटी सेवानिवृत्त झालो आणि घरात जाहीर केलं, ‘‘आता निघायचं ते थेट कोकणात, समुद्र दिसल्यावरच उतरायचं.’’

‘‘मधे पेट्रोलला उतरालच की,’’ सौभाग्यवती म्हणाली.

समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला मज्जाव. समृद्धीपासून दूर राहण्याची माझी जन्माची परंपरा इथंही कायम राहिली. तेव्हा मालेगाव, मेहकर, जालना हा जुनाच रस्ता धरायचा, पण पेट्रोल मात्र उंची भरायचं, असं मी ठरवलं. पूर्वी पंपावर एकच प्रश्न असे, ‘‘आहे का?’’ आता ‘‘कोणतं?’’ असं विचारतात. 2020 च्या डिसेंबरपासून तर शंभर ऑक्टेनचंही पेट्रोल मिळू लागलंय. शंभर नंबरी सोनं आपल्याला झेपलं नाही, निदान पेट्रोल तरी शंभर नंबरी असावं!

हा बेत मी आमच्या मिस्त्रीला सांगितला. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

‘‘काहून जी साहेब? पैसे जास्त झाले काय?’’

‘‘अरे, ताकद वाढते ना!’’

‘‘ऑक्टेन म्हंजे ताकद नाही साहेब. दाब सोसाची हिंमत हाय ते.’’

मग त्यानं माझी शिकवणीच घेतली. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण इंजिनात दाबलं जातं. ठिणगी पडेपर्यंत त्यानं गप्प राहायचं आणि मगच पेटायचं. हलकं पेट्रोल दाब वाढला की आपलं आपणच भडकतं आणि इंजिन टकटक करू लागतं. हेप्टेन नावाचा द्रव लगेच भडकतो, त्याला शून्य गुण. आयसोऑक्टेन सोसतं, त्याला शंभर. या दोघांच्या मधे बाकीच्यांची पट्टी. माझी बुलेट मिश्रण दाबते ते साडेआठाचं एक होईल इतपतच. तिला साधं पेट्रोल पुरेसं. आणि साधं तरी कुठं साधं राहिलंय? एके काळी ते 88 ऑक्टेनचं होतं, मग 91 झालं, आणि आता वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर 95 वर जाऊन बसलंय. मी शंभराच्या मागे धावत असताना साधं बिचारं गुपचूप वर चढलं होतं!

‘‘जुन्या गाडीची रबरी नळी तेवढी पायत जा,’’ मिस्त्री म्हणाला, ‘‘आन् टकटक आयकू आली का गाडी रेटाची नाही. गिअर उतरवाचा.’’

घरी येताना माझ्या डोक्यात वेगळीच टकटक सुरू झाली. इतकी वर्षं मी स्वतःला उच्च ऑक्टेनचा समजत आलो, कारण मी चटकन पेटतो. चष्मा सापडला नाही तरी पेटतो, आणि तो कपाळावर सापडला तर जास्त पेटतो. मिस्त्रीच्या पट्टीवर माझी जागा हेप्टेनच्या शेजारी! मग घरात आयसोऑक्टेन कोण? माझ्या सहा बदल्या, आईचं चार वर्षांचं अंथरूण, दोन मुलं आणि एक पगार, एवढ्या दाबात इंजिनातून कधी आवाज आला नाही.

पुढची गोष्ट अधिक वाईट. जास्त सोसणारं पेट्रोल निघालं तेव्हा इंजिनवाल्यांनी त्याचे आभार मानले नाहीत. ‘‘सोसतंय ना? मग दाब वाढवा,’’ असं म्हणून नवी इंजिनं बनवली. कचेरीत तरी काय होतं? जो कारकून नाही म्हणत नाही, त्याच्याच टेबलावर फायलींची गंजी! एखाद्याला सोसतं, एवढ्यावरून त्याच्यावर आणखी घालायचा हक्क आपल्याला मिळतो का? पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचे खांदे शेकतात. वर्षातून एक दिवस का होईना, ओझं खांद्यावर होतं हे शेतकरी कबूल तरी करतो.

दुसऱ्या दिवशी अंगणात सामान बांधायची रंगीत तालीम केली. पत्र्याची पेटी मागच्या कॅरिअरवर चढवली, तर हँडल डुलायला लागलं. मिस्त्रीनं आधीच बजावलं होतं : जड सामान खाली आणि दोन चाकांच्या मधे, दोन्ही बाजूंना सारखं वजन, पिशवी सायलेन्सरपासून लांब. मागच्या चाकाच्याही मागे ओझं लोंबलं, की पुढचं चाक हलकं होऊन मुजोर होतं. मग पेटी उतरवली आणि वळकटी मागच्या सीटवर ठेवून करकचून आवळली. अगदी मापात बसली!

सौभाग्यवती लाडवांचा डबा घेऊन दारात उभी होती. म्हणाली, ‘‘छान बसली. माझ्यापेक्षा कमी बोलेल.’’

आवाजात टकटक नव्हती. म्हणूनच मला ती ऐकू आली.

आधीच्या गाडीच्या त्याच सीटवर बसून ती शिरपूरला आली होती. मांडीवर मूल, मुलावर पिशवी आणि पिशवीत माझंच जर्किन. तिथली अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. कोणावरही भार न टाकता राहणं देवाला जमत असेल. मला तेव्हा साधं जर्किनसुद्धा स्वतःच्या अंगावर घेणं जमलं नव्हतं.

मी वळकटी सोडली. ‘‘येतेस कोकणात?’’

‘‘या गुडघ्यांनी? शिरपूरपर्यंत येईन. पण पिशवी मी धरणार नाही.’’

चाळीस वर्षांत तिनं पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं. मी पिशवी पुढे टाकीवर बांधली, दोन चाकांच्या मधे, शास्त्राप्रमाणे. पंपावर साधंच पेट्रोल भरलं. शिरपूरच्या रस्त्याला लागलो आणि सवयीनं गाडी जरा ताणली, तर मागून आवाज आला, ‘‘अहो, हळू!’’

मी ताबडतोब गिअर उतरवला.