उष्ट्याचें ऋण

अन्नाला ब्रह्म मानणाऱ्या समाजास त्याच अन्नाच्या उरलेल्या भागाचा स्पर्शही नकोसा वाटावा, हा विरोध आमच्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांत कांहीं चमत्कारिक आहे असें आम्हांस सहसा वाटत नाहीं. पानांत वाढलेला भात जेवण संपेपर्यंत पवित्र. पान उचललें कीं तोच भात खरकटें. आणि खरकटें एकदां दाराबाहेर गेलें म्हणजे तें नाहींसें झालें, अशी आमची समजूत असते. वस्तु मात्र नाहींशी होत नाहीं. ती केवळ आमच्या डोळ्यांआड आणि दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांसमोर जाते.

पुण्यापुरतें बोलावयाचें तर हा दुसरा कोणी म्हणजे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ह्या गांवांचा रहिवासी होय. वर्षानुवर्षें शहराचा कचरा तेथें नेऊन टाकण्यांत आला. ओलें अन्न ढिगाच्या पोटांत हवेवांचून कुजलें म्हणजे त्यांतून मिथेन वायु निघतो व काळें पाणी पाझरतें. पहिला पेट घेतो, दुसरें जमिनींत मुरून विहिरींकडे जातें. 2017 च्या एप्रिलमध्यें तेथील ढिगाला आग लागली, गांवकऱ्यांनीं गाड्या अडविल्या आणि शहरांत कचरा सांचूं लागला, तेव्हां कोठें आमच्या नाकाला त्या गांवांची ओळख पटली.

ओल्या कचऱ्याचें खत शहरांतच करावें, हें आतां बहुतेकांस तत्त्वतः मान्य आहे. वाद उरतो तो पैशाचा. हें काम चार-दोन सोसायट्यांतून उचलून सबंध शहरभर न्यावयाचें तर त्याचा खर्च कोणीं व कोणत्या न्यायानें सोसावा? प्रश्न हिशेबाचा दिसतो. आमच्या मतें तो नीतीचा आहे.

पहिला आक्षेप असा कीं, खत विकून खर्च निघत नाहीं, सबब हा व्यवहार आतबट्ट्याचा. खर्च बहुधा निघत नाहींच, हें आम्ही कबूल करतों. परंतु सांडपाण्याच्या गटारानें नफा मिळवून द्यावा असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय कचरा नुसता नेऊन टाकणें स्वस्त पडतें, हें तरी खरें काय? त्याची किंमत दिली जातेच. ती फक्त महानगरपालिकेच्या वहींत मांडलेली नसते. फुरसुंगीच्या शेतकऱ्यानें ती नासलेल्या पाण्याच्या रूपानें दिली. कचरा निवडणाऱ्या बायांनीं ती हातांच्या जखमांच्या रूपानें दिली. दुसऱ्याच्या खिशांतून भागविलेल्या खर्चाला काटकसर म्हणणें हा त्या शब्दाचा दुरुपयोग आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तिजोरी एक आणि गरजा अनेक. शाळेचें छप्पर गळत असतां खताच्या खड्ड्यांवर पैसा घालणें योग्य होईल काय? ही अडचण खोटी नाहीं. शाळा हें शहराचें आपल्या मुलांविषयींचें कर्तव्य आहे आणि तें मोठें आहे. पण शेजाऱ्याचें देणें बुडवून आपल्या मुलाची फी भरणारा गृहस्थ आपणांस भला वाटत नाहीं. खतावरील खर्च हा परोपकार असता तर तो पुढें ढकलतां आला असता. तो ऋणफेडीचा असल्यामुळें ढकलतां येत नाहीं.

ऋण मान्य केलें म्हणजे वाटणीचा प्रश्न येतो. 2016 सालच्या नियमांनीं दररोज 100 किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर विशेष जबाबदारी टाकली, त्यांतील न्याय उघड आहे. ज्या खोलींत रात्रीची भाकरी सकाळीं न्याहारीला लागते, तेथून खरकटें तें किती निघणार? मंगल कार्यालय आणि ती खोली ह्यांना एकच पट्टी लावणें ही समता नव्हे. ज्याचें उष्टें अधिक, त्याची वर्गणी अधिक, हाच सरळ नियम होय.

पैसा खर्च कशावर व्हावा, हेंही तितकेंच महत्त्वाचें आहे. ओल्या कचऱ्यांत कांचेचे तुकडे व प्लास्टिकच्या पिशव्या आल्या कीं तयार होणारें खत शेतकरी फुकटही घेत नाहीं. म्हणून यंत्रापूर्वीं माणसाचा विचार करणें प्राप्त आहे. पुण्यांत कचरावेचकांची संघटना 1993 सालीं उभी राहिली आणि 2008 सालीं त्यांच्यांतूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. दारोदार जाऊन वर्गीकरण करणाऱ्या ह्या हातांची मजुरी आधीं, लोखंडी पेट्यांचा थाट नंतर. शिवाय पैसा अखंड हवा. न्यूयॉर्क शहरानें 2020 सालीं काटकसरीसाठीं घरोघरचा ओला कचरा वेगळा नेणें थांबविलें. 2024 च्या ऑक्टोबरमध्यें तेंच काम सबंध शहराला लागू केलें. यंत्र बंद पडलें तर पुन्हां चालू करतां येतें. वेगळा ठेवलेला डबा कोणी नेत नाहीं असें एकदां दिसलें, कीं घरांतील संवय पुन्हां लावणें फार कठीण.

खताची विद्या आम्हांस परकी नाहीं. आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड ह्यांनीं इंदूर येथें काडीकचरा, शेण, माती व राख ह्यांचे थर रचून, ते वेळोवेळीं उलथून, सुमारें तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसविली आणि 1931 सालीं ती ग्रंथरूपानें जगापुढें मांडली. तिच्या मुळाशीं असलेला विचार इतकाच कीं, मातींतून जें घेतलें तें मातीला परत दिलें पाहिजे. गांवांकडून शहर धान्य घेतें, भाजी घेतें, दूध घेतें. आणि परत धाडतें तें काय, तर धुमसणारा ढीग! त्याच गाडींतून शुद्ध खत परत गेलें, तर शहर व गांव ह्यांचा व्यवहार निदान सचोटीचा होईल.

हें लिहितांना आमच्याही स्वयंपाकघरांत कालपर्यंत एकच डबा होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. करवाढीच्या नांवानें प्रथम आमच्याही कपाळाला आठी पडली. परंतु देण्याची पावती हातीं आली असतां ‘हें महाग आहे’ असें म्हणण्याचा अधिकार, जेवून उठलेल्याला उरत नाहीं.