सपत्नीक, समुद्राकडे

मनमाडमध्ये ऐन मे महिन्यात नवरा-बायको मोटारसायकलला बॅग बांधताना दिसली, की गल्लीतून पहिला प्रश्न येतो: कुठल्या देवाला निघालात? विचारणाऱ्याच्या मनात खोच नसते. प्रवास म्हणजे यात्रा, हेच या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं आहे. शिर्डीला स्वतःचं रेल्वे स्टेशन मिळालं २००९ साली. तोवर लांबून येणारे कितीतरी साईभक्त मनमाडला उतरून पुढची गाडी धरायचे. नांदेडच्या हुजूर साहिबला निघालेले शीख भाविक इथल्या गुप्तसर गुरुद्वाऱ्यात थांबतात, लंगरमध्ये जेवतात आणि पुढच्या वाटेला लागतात. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेल्यांचे जथे भर उन्हात चालत असतात. अशा मुलखात ‘समुद्र बघायला चाललोय’ हे कारण अपुरं वाटतं. मग घरी ‘त्र्यंबकेश्वरला जाऊन येतो’ एवढंच सांगितलं जातं आणि गाडी तिथून पुढे डहाणूला लागते.

हा आडपडदा दिसतो तेवढा लहान नाही. केवळ आनंदासाठी केलेला प्रवास धर्माच्या हिशेबात बसतो का, की त्याला देवाचं निमित्त लावावंच लागतं, असा प्रश्न त्याच्या पोटात आहे. आणि देवाचं नाव निमित्तापुरतं घेतलं, तर त्यात मान कुणाचा राहतो? देवाचाही नाही आणि त्या दोघांच्या आनंदाचाही नाही.

या प्रश्नावर परंपरा गप्प नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचा मोठा पसारा मांडला आहे: कुणी जावं, कसं जावं, कशाने पुण्य घटतं. पण या जोडप्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट पद्मपुराणाच्या भूमिखंडात सापडते. वाराणसीचा कृकल नावाचा वैश्य आणि त्याची बायको सुकला. तो तीर्थयात्रेला निघतो. ती म्हणते, मीही येणार. कृकल विचार करतो, वाट खडतर, ऊन-थंडीचा मारा, हिचा नाजूक देह हे सोसणार कसा? तिला न सांगताच तो पहाटे तांड्याबरोबर निघून जातो. सगळी तीर्थं करून, पितरांना तृप्त केलं अशा समाधानात परततो, तेव्हा वाटेत त्याला पितर बांधलेले दिसतात. यात्रा फुकट गेली, कारण बायकोला मागे ठेवलंस, असं प्रत्यक्ष धर्म त्याला सुनावतो. घरी जा, तिच्यासह श्राद्ध कर, फळ तिथेच मिळेल.

कथेचा उरलेला भाग सुकलेच्या पातिव्रत्याच्या गौरवात जातो, आणि आजच्या वाचकाला तो सगळा पटेलच असं नाही. पण कृकलाचा दोष कथेने नेमका पकडला आहे. तो दुष्ट नव्हता. काळजीपोटीच त्याने तिच्या वतीने निर्णय घेऊन टाकला. ‘तुला झेपणार नाही, ऊन फार आहे’ हे वाक्य आजही घरोघरी त्याच प्रेमाने बोललं जातं आणि त्याच प्रेमाने बाई घरी राहते. पुराणाचा निकाल मात्र साफ आहे: सोसायचं की नाही, हे तिने ठरवायचं होतं.

कुणाला बरोबर घेतलं यावर यात्रेचं मोल ठरतं, याचं अलीकडचं उदाहरण म्हैसूरचं आहे. डी. कृष्णकुमार यांनी बंगळुरूची नोकरी सोडली आणि २०१८ मध्ये आईला मागे बसवून वडिलांच्या जुन्या बजाज चेतक स्कूटरवर देशभरची देवळं दाखवायला नेलं. जवळची बेलूर-हळेबीडची देवळंसुद्धा आपण पाहिलेली नाहीत, असं आई बोलून गेली आणि मुलगा निघाला. आयुष्यभर सैपाकघरात राहिलेल्या त्या माउलीच्या वाट्याला आलेला रस्ता हा कुठल्याही गाभाऱ्याइतकाच पवित्र होता, असं म्हणायला हरकत नसावी.

आता वाहनाचं. मत्स्यपुराणाच्या प्रयागमाहात्म्यात यात्रेला वाहनाने जाण्यावर कडक बोल आहेत. बैलावर स्वार होऊन जाणाऱ्याला नरक सांगितला आहे, आणि ऐश्वर्याच्या लोभाने किंवा मोहाने वाहन वापरणाऱ्याचं तीर्थ निष्फळ ठरवलं आहे. वाचताना दिसतं, की आक्षेप चाकांवर नाही. मुक्या जनावराचे हाल आणि श्रीमंतीचा डौल, या दोन गोष्टी ग्रंथाला खुपतात. मोटारसायकलला बैल नाही, डौल मात्र असू शकतो. रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखी, सायलेन्सर फोडत जाणारी गाडी देवळात थांबली काय आणि समुद्रावर थांबली काय, सारखंच.

गाडीवरच्या दोन जागांकडेही बघायला हवं. पूजेत बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला हात लावून बसते, आणि तेवढ्या स्पर्शाने ती कर्मात वाटेकरी होते. मोटारसायकलवर तोच हात खांद्यावर असतो. पण हेल्मेट बहुतेक वेळा एकच असतं, आणि ते पुढच्याच्या डोक्यावर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट मागतं. अपघातात मागे बसलेलं माणूस फेकलं जातं, हे महामार्गावरच्या कुणालाही ठाऊक आहे. सहधर्मचारिणी म्हणायचं आणि तिचं डोकं उघडं ठेवून घाट उतरायचा, हे कुठल्याच धर्मात बसत नाही.

मनमाडच्या स्टेशनवरची पिवळी पाटी गावाची उंची समुद्रसपाटीपासून मोजून सांगते. समुद्राशी गावाचं एवढंच उघड नातं. दुसरं नातं जमिनीखालून आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या रिफायनरीतून निघालेलं इंधन पाइपलाइनने इथवर येतं आणि पानेवाडीच्या डेपोंतून टँकर भरून चहूकडे जातं. पेट्रोल बारा महिने पोचतं. पाणी पोचत नाही. वागदर्डी धरणाचा तळ दिसू लागला की पालखेड कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसायचं, आणि नळ पंधरा-वीस दिवसांनी यायचा, असे कित्येक उन्हाळे या गावाने काढलेत. म्हणून इथलं जोडपं चार दिवस बाहेर पडतं तेव्हा शेजारी किल्ली देताना एकच निरोप असतो: पाणी सुटलं तर आमची टाकी आणि दोन ड्रम तेवढे भरून ठेवा. समुद्र बघायची ओढ या गावच्या माणसाला का असावी, हे त्या ड्रमांकडे पाहून कळतं. डोळा पोचेल तिथवर पाणीच पाणी, आणि त्यातला एक थेंबही साठवून ठेवायचा नाही! ही ओढ शौकाची म्हणून बाजूला टाकता येत नाही.

चांदवडला रेणुकादेवी, नाशिकला गंगाघाट, मग त्र्यंबक. इथे ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. अरबी समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या आत, पण ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १४६५ किलोमीटर पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगरांत उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला उतरून झटपट समुद्र गाठते. पाऊस एकच, डोंगर एकच, वाटा दोन. मोक्षाची वाट आणि संसाराची वाट यांच्याबद्दल मराठी संतांनी जे सांगितलं ते याच्याशी मिळतंजुळतं आहे. नामदेव, तुकाराम, एकनाथ हे सगळे संसारी. चार पुरुषार्थांत काम आहेच, आणि तो चोरून ठेवायला सांगितलेला नाही. धर्माची मर्यादा पाळून भोगायला सांगितलेला आहे. गृहस्थाश्रमावर बाकीचे तिन्ही आश्रम उभे आहेत, असं स्मृती मानतात. मग त्या आश्रमातल्या दोन माणसांनी वर्षातून चार दिवस एकमेकांसाठी काढले, तर त्याला देवाच्या नावाची पावती कशाला लागावी?

मात्र मर्यादा म्हणजे काय, हे त्र्यंबक ओलांडल्यावर कळतं. मोखाडा आणि जव्हारचा हा पट्टा पावसाळ्यात हिरवागार असतो, धो धो पाऊस झेलतो. वैतरणेवरच्या धरणांचं पाणी इथून मुंबईला जातं. आणि मे महिन्यात याच डोंगरांत पाड्यांवरच्या बाया हंडे डोक्यावर घेऊन आटलेल्या विहिरीकडे उतरत असतात. टँकर आला की विहिरीत पाणी सोडतो आणि सगळा पाडा काठावर जमतो. मनमाडच्या बाईला हे दृश्य कुणी समजावून सांगायची गरज नाही. हंडा कमरेवर पेलताना कंबर किती वाकते, हे तिला माहीत आहे.

या ठिकाणी नाथांची गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वरला न्यायची, देवाला घालायची, हा जुन्या यात्रेचा क्रम. एकनाथांनी वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारं गाढव पाहिलं आणि कावड त्याच्या तोंडी रिकामी केली. रामेश्वर समुद्राकाठी आहे, हे ही गोष्ट सांगताना सहसा कुणी ध्यानात घेत नाही. किनाऱ्यावर पोचण्याआधीच यात्रा पुरी झाली होती. या कथेने तीर्थापेक्षा तहान मोठी ठरवली, आणि तोच दंडक सहलीलाही लागतो. देवाला निघालेला माणूस वाटेतल्या तहानेकडे डोळेझाक करून गेला, तर त्याची यात्रा झाली नाही. समुद्र बघायला निघालेल्या दोघांनी लॉजवर शॉवर सोडून ठेवला नाही, पाड्यावरच्या विहिरीवर गाडी धुतली नाही, तर त्यांच्या प्रवासात धर्म आहे, मग त्यांनी एकही देऊळ पाहिलेलं नसो.

पुढे विक्रमगड, चिकूच्या वाड्या आणि डहाणूचा किनारा. समुद्राबद्दल जुने धर्मग्रंथ संकोच बाळगतात. दर्शन कधीही घ्यावं, स्नान मात्र पर्वकाळीच, अमावस्या-पौर्णिमेला, असा नियम आहे. गंमत अशी, की पाण्याला उधाण असतं ते याच तिथींना. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी तेवढं चढत नाही. कोळी बांधव ही तिथींची गणितं पंचांगाइतकीच पक्की जाणतात. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर पुन्हा पाण्यात घालतात. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची आणि त्याची भीतीही बाळगायची, हे त्यांच्याकडून शिकावं. घाटावरच्या माणसाला पोहता येतं ते विहिरीत. दर उन्हाळ्यात किनाऱ्यावर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यांत घाटावरून आलेली तरुण मंडळीही असतात.

तेव्हा या उन्हाळ्यात मनमाडहून, येवल्याहून, मालेगावहून जी जोडपी निघतील त्यांनी घरी खरं सांगून निघावं. देवावर श्रद्धा असेल तर देवळात थांबावं, नसेल तर थांबल्याचं नाटक करू नये. दुसरं हेल्मेट घ्यावं. पाण्यात उतरण्याआधी भरती कधी, हे किनाऱ्यावरच्या कोळणीला विचारावं, तिने नको म्हटलं तर गुडघ्याच्या पुढे जाऊ नये. आणि मोखाड्याच्या घाटात पाण्याचा टँकर मागून आला, तर गाडी कडेला घेऊन त्याला आधी जाऊ द्यावं.