उदात्त कुठे पडतो

'फोटोग्राफ'मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या माझ्या शिकवणीत मी असे शब्द फळ्यावर तोडून दाखवते. आघात चुकला तर इंग्रज माणूस जरा थबकेल, इतकंच. वेदातल्या त्वष्ट्याला मात्र अशी एक चूक फार महागात पडली. तैत्तिरीय संहितेतली ही कथा पतंजलींनीही महाभाष्याच्या आरंभी आठवली आहे. इंद्राला मारणारा पुत्र हवा म्हणून त्वष्ट्याने आहुती दिली, पण 'इंद्रशत्रु' या शब्दात उदात्त, म्हणजे उंच स्वर, शेवटी हवा होता तो पहिल्या अक्षरावर पडला. 'इंद्राला मारणारा'चा अर्थ 'इंद्र ज्याला मारील तो' असा झाला आणि त्वष्ट्याचा पुत्र वृत्र इंद्राच्या हातून मेला.

माझे आजोबा ऋग्वेदी वैदिक. सयाजीराव महाराजांच्या काळात श्रावणमासाच्या दक्षिणा परीक्षेला बसलेले. त्यांना घनपाठ मुखोद्गत होता, शब्द असे उलटसुलट: पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा सरळ, आणि स्वर कुठेही हलत नसे. अर्थ विचारला की म्हणत, "ते शास्त्रीबुवांना विचार." मग ते पठण व्यर्थ होतं का? मंत्रांना अर्थच नाही, असं म्हणणारा कौत्स यास्कांच्या 'निरुक्त' या वैदिक शब्दार्थांच्या ग्रंथात भेटतो. यास्क त्याचं म्हणणं खोडून काढतात. मला मात्र त्याच ग्रंथातला दुसरा एक वाद अधिक मोलाचा वाटतो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 'वायो' असा ध्वनी येतो. ऋचांचे शब्द सुटे करणारे पदपाठकार शाकल्य यांनी तो 'वा' आणि 'यः' असा तोडला. यास्क म्हणतात, तसं नव्हे. 'यः' म्हणजे 'जो', आणि वाक्यात 'जो' आला की त्याच्या क्रियापदाला उदात्त हवा. इथे तो नाही, शिवाय अर्थही अपुरा राहतो. शब्द एकच आहे, 'वायः', पक्ष्याचं पिल्लू.

शाकल्यांसारख्या थोर पंडिताची चूक दाखवायला यास्कांना पुरावा कुठून मिळाला? पिढ्यानपिढ्या ते क्रियापद उदात्ताशिवायच म्हणत आलेल्यांकडून. त्यातल्या कितीतरी जणांना त्या ऋचेचा अर्थ ठाऊक नसेल. तरी अर्थ त्यांच्याच कंठात सुखरूप होता.

म्हणून आजोबांचं पठण मी व्यर्थ मानत नाही. पण त्यांना कुणी अर्थ सांगितला नाही, याचं दुःख आहेच. आपल्या शहरात १९१५पासून संस्कृत महाविद्यालय आहे, पाठशाळाही आहेत. तिथल्या गुरुजींना माझी विनंती आहे: मुलाचा स्वर पक्का झाला की त्याच दिवशी त्याला ऋचेचा अर्थही सांगा.