एकेक बांगडी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



नाताळची सुट्टी संपली. कुणाची मुलं अमेरिकेहून आली होती, कुणाची नुसती पुणे-बंगलोरहून. सगळे परत गेले. आता घर शांत झालं म्हणावं, तर कुठलं काय! बॅगांमधून निघालेल्या वस्तू बोलायला लागल्या आहेत. आजोबांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, नातवाच्या कानात इयरबड्स, आजींना टॅबलेट, आणि सुनेसाठी आपोआप फिरून लादी पुसणारं यंत्र. (इंदूरच्या घरात त्या बिचाऱ्याला काम तरी काय उरलं असेल, असं आमच्या गटातल्या एका काकांनी विचारलं!)

आधीच सांगते, या वस्तूंना नावं ठेवायला मी बसलेली नाही. मुलांनी प्रेमानं आणलंय, आनंदानं वापरावं. दसऱ्याला आपण यंत्रांची पूजा करतो, तसं यांनाही हळदकुंकू लावावं. सातासमुद्रापार असलेल्या नातवाचा चेहरा आजीला रोज दिसतो, हे काही कमी पुण्याचं काम नाही.

पण मागच्या गुरुवारी एका घरी आरतीला गेले होते. घरात माणसं नऊ. प्रत्येक जण आपापल्या खोलीतून, आपापल्या पडद्यावरून उठून येईपर्यंत वीस मिनिटं गेली. आरती चालू असताना तीनदा काही ना काही वाजलं. नंतर प्रसाद घेताना घरच्या आजी हळूच म्हणाल्या की टॅबलेटमधला नातू माझ्याकडे बघून बोलतो, घरातले मात्र मान खाली घालून. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

तेव्हा अवधूतांच्या चोवीस गुरूंपैकी कुमारी आठवली. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला ही गोष्ट सांगतात. एकनाथ महाराजांनी 1573 साली काशीत पूर्ण केलेल्या भागवतातही ती नवव्या अध्यायात आहे. एका मुलीला मागणी घालायला पाहुणे आले. घरचे सगळे बाहेर गेलेले. पाहुण्यांच्या जेवणासाठी ती आत साळी कांडायला बसली, तर हातातल्या बांगड्या खणखण वाजायला लागल्या. घरात सडलेले तांदूळही नाहीत, हे बाहेर कळलं तर आईवडिलांची लाज जाईल! तिनं एकेक करून बांगड्या काढल्या. दोन-दोन उरल्या तरी आवाज होईच. शेवटी दोन्ही हातांत एकेकच ठेवली, आणि कांडण शांतपणे चाललं.

अवधूत संन्यासी. साधकानं एकट्यानं राहावं, असा बोध त्यांनी घेतला. आपण प्रापंचिक, आपल्याला माणसं थोडीच कमी करायची आहेत! आपल्या घरात उलटंच झालंय बघा. चार माणसं चार कोपऱ्यांत एकटी बसली आहेत, म्हणजे एकांत झाला पुरा. पण बांगड्या प्रत्येकाच्या हातात डझन-डझन वाजताहेत. एकांत मिळाला, त्यातली शांतता मिळाली नाही, आणि सोबतही गेली.

त्या मुलीनं कांडण सोडलं नाही, हे मला फार आवडतं. हात ओकेही ठेवले नाहीत. एकेक बांगडी ठेवलीच. म्हणजे मोबाईल टाकून द्या असं अवधूत सांगत नाहीत, फक्त कोणती बांगडी कामाची आणि कोणती नुसतीच वाजते हे बघायचं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आज दुकानांच्या सूचना बंद करा, उद्या खेळांच्या, परवा बातम्यांच्या. एकदम नको, मुलं बंड करतील. परदेशातल्या लेकीचा फोन मात्र वाजू द्या. ती हातात ठेवायची बांगडी. आणि हो, आपला हा गटसुद्धा खुशाल म्यूट करा. रोज पहाटे फुलांची चित्रं पाठवणाऱ्यांनी रागावू नये!

हे जमेल का, असं विचाराल. अहो, आपण इंदूरची माणसं. ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, असा सहा प्रकारचा कचरा आपण रोज वेगवेगळा काढून गाडीत टाकतो. सुरुवातीला आमच्या गल्लीत किती कुरकुर झाली होती! 2017 साली शहराचा देशात पहिला नंबर आला, तेव्हा तेच कुरकुरणारे शेजाऱ्यांना समजावत होते. आता लहान मूलही केळीचं साल सुक्यात टाकत नाही. इतकं निवडायला शिकलेल्या हातांना आवाज निवडता येणार नाहीत?

दिवेलागणीपासून आरती होईपर्यंतचा अर्धा तास तरी या आठवड्यात करून बघा. त्या वेळात आजोबांच्या घड्याळानं पावलं मोजली नाहीत तरी चालेल. त्यांना नातवासोबत देवळापर्यंत जाऊन येऊ द्या.

येत्या गुरुवारी आपापल्या घरी नवव्या अध्यायातला हा कुमारीचा भाग मोठ्यानं वाचावा. पोथी नसेल तर टॅबलेटवर वाचा, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. आणि वाचायला आजींनाच बसवा.

आपलीच,
एक सेविका, इंदूर