थकव्याचे माप

मल्ल दमला आहे, हे कोणी ठरवावे? पूर्वी वस्तादाची नजर ते ठरवीत असे. आज मल्लाला बल मोजणाऱ्या फळीवर उभे करून उडी मारावयास लावतात. जमिनीला दिलेला रेटा आणि उडीची उंची यांवरून त्याची स्फोटक शक्ती कळते. लढतीनंतर तीच उडी पुन्हा घेतली की थकव्याचा अंदाज येतो. कधी उंची तेवढीच राहते, परंतु ती गाठण्यास वेळ अधिक लागतो. नजरेतून सुटणारी ही घट यंत्र टिपते. त्याचे मोल आम्ही मानतो.

तरीही १९५२ चे हेलसिंकी आठवते. जपानच्या शोहाची इशीशी झुंजून दमलेल्या खाशाबा जाधवांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. तो बजावून सांगणारा भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर थांबले. त्यांचा थकवा ओळखण्यास यंत्र नको होते. उणीव होती ती त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाची.

मल्ल स्वतः 'दमलो' म्हणणार नाही. त्याची शिकवणच तशी असते. म्हणून ते म्हणण्याचे दायित्व मोजणाऱ्यावर येते. आकडा हाती आल्यावर 'ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची सोय उरत नाही. घसरलेली उडी पाहूनही मल्लाला आखाड्यात ढकलणारा, काहीच न मोजणाऱ्याहून अधिक दोषी होय, असे आम्हांस वाटते.