जमेला कोण, नावे कोण?

कळंब्याला राहतो म्हटलं, की समोरचा हमखास विचारतो, ‘आत की बाहेर?’ मध्यवर्ती कारागृहाच्या शेजाराला बँकेतली नोकरीसुद्धा जामीन राहत नाही. पण या शेजारामुळं एक प्रश्न डोक्यात बसलाय. घर फोडणारा आत जातो. मग दौलत फोडणारा कुठं जातो?

उत्तराला लांब जायला नको. वीसेक किलोमीटरवर कागल आहे. तिथले सखाराम घाटगे, म्हणजे इतिहासातले सर्जेराव. पेशा शिपाईगिरीचा. १७९५ साली सवाई माधवराव गेले, पेशवाईच्या गादीवरून घरातच जुंपली आणि सर्जेरावांचं नशीब उघडलं. १७९८ त मुलगी बायजाबाई दौलतराव शिंद्यांना दिली आणि दिवाणगिरी घरी आली. बाजीरावानं शिंद्यांना कबूल केलेली रक्कम तिजोरीत नव्हती. ती सर्जेरावांनी पुण्यातून वसूल केली. आमचं वसुलीखातं तीन नोटिसांनंतर चौथी पाठवतं; त्यांनी माणसं तापल्या तोफेला बांधली.

आमचे एक सहकारी त्यांची बाजू घेतात. ‘अहो, फौजेचा पगार थकलेला. माणसानं नोकरी केली, बढती मिळाली. गुन्हा काय?’

बढतीला माझा विरोध नाही. (ती मिळत नाही, हा भाग वेगळा.) पण कॉमर्सवाल्याला एवढं कळतं, की एकाकडं जमा झालं म्हणजे दुसऱ्याच्या नावे पडलंच. परमुलखातल्या लढाईत ते परक्याच्या वहीत पडतं, म्हणून आपल्याला दिसत नाही. घरच्या लढाईत दोन्ही खाती एकाच वहीत असतात. जमेला सर्जेराव, नावे पुणं! शिपायानं लढाईचा पगार खुशाल घ्यावा; भांडणात भागीदारी घेऊ नये. कारण मग तह झाला, की त्याचा धंदा बसतो. आणि धंदा बसावा असं कुणाला वाटतं?

पुढं त्याच १७९८ त जावयानंच सासऱ्याला कैदेत टाकलं. सुटल्यावर १८०१ साली त्यांनी होळकरांचं इंदूर लुटलं. १८०९ त शिंद्यांच्याच छावणीत मारले गेले.

‘झाला की हिशेब पुरा!’ सहकारी म्हणाले.

बेरीज जुळली, हे खरं. पण ताळेबंद जुळला म्हणजे न्याय झाला, असं आमच्या बँकेतही कुणी मानत नाही. पुणेकरांच्या खात्यावर त्यातली एक पैसुद्धा परत जमा झाली नव्हती.