कवितेबद्दल खरं बोलायला शिकवताना

‘या कवितेतील शब्दरचना सहजसुंदर असून ती वाचकाच्या मनाला भिडते.’ शाळेत मराठी शिकला असाल, तर हे वाक्य किंवा याचं एखादं भावंड तुम्हीही लिहिलं असणार. कोणत्या कवितेबद्दल लिहिलं होतं, ते बहुधा आठवणार नाही, कारण ते कुठल्याही कवितेला चालून जातं. आता एका मुलाची कल्पना करा. त्यानं कविता वाचली, अर्थ लागला, पण मनाला काहीही भिडलं नाही. त्याला हे वाक्य लिहायला शिकवणं योग्य आहे का?

कविता शिकवण्याबद्दल आपली नेहमीची तक्रार वेगळी असते. कवितेची चिरफाड केली की कविता मरते, असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. मी सध्या ज्या देशात राहते त्या ओमानचे लोक अल-खलील बिन अहमद अल-फराहिदी यांना अभिमानानं आपलं मानतात. आठव्या शतकात बसऱ्यात राहून या विद्वानानं अरबी कवितेची वृत्तं शोधून लावली. वृत्तं त्यानं निर्माण केली नव्हती. कवी पिढ्यानपिढ्या त्यांत रचना करतच होते. त्यानं त्या ऐकल्या, आघात मोजले आणि पंधरा वृत्तांची व्यवस्था लावली. सोळावं वृत्त त्याच्या शिष्याच्या, अल-अखफशच्या, नावावर सांगतात. त्यानंतरही अरबी कविता जोमानं लिहिली गेली. आपल्याकडे ‘छंदोरचना’सारखा ग्रंथ लिहिणारे माधवराव पटवर्धन म्हणजेच माधव जूलियन, मराठीत गझल रुजवणारे कवी. मात्रा मोजण्यानं त्यांच्यातला कवी मेला नाही. नीट पाहिल्यानं कवितेचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते न पाहता लिहिल्यानं. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात रसग्रहणासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे दिलेले असतात. मुद्दे वाईट नाहीत. पण पहिल्या दोन शब्दांतच ‘सौंदर्य’ आहे. म्हणजे निकाल आधी लागलेला असतो, मुलानं फक्त साक्ष द्यायची. जे पाहिलं नाही त्याची साक्ष देणाऱ्याला आपण एरवी काय म्हणतो? इथे मात्र त्याला गुण देतो. पंधरा वर्षांच्या मुलीला यातून कळतं ते एवढंच, की भावना हीसुद्धा मागणीप्रमाणे पुरवायची गोष्ट आहे. हा धडा कवितेपुरता राहत नाही. पुढे नोकरीच्या अर्जात, शोकसंदेशात, सभेतल्या आभारप्रदर्शनात तो आयुष्यभर उपयोगी पडतो, आणि हीच त्यातली काळजीची बाब आहे.

माझं काम दगडांचं आहे. दुक्म मस्कतपासून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या काठी. बंदर, जहाजदुरुस्तीची गोदी आणि आता तेलशुद्धीकरण कारखाना. या सगळ्याच्या जवळच वाळूखडकाच्या आणि चुनखडकाच्या शिळांचं एक विस्तीर्ण उद्यान आहे. वाऱ्यापाण्यानं कोरलेल्या या शिळांत कुणाला उंट दिसतो, कुणाला अळंबी. आमच्या क्षेत्रवहीत एक जुना नियम असतो : निरीक्षण वेगळं, अनुमान वेगळं. ‘थर तिरपे आहेत, कण गोल आहेत’ हे निरीक्षण. ‘इथे कधीकाळी उथळ पाणी असावं’ हे अनुमान. दोन्ही एका वाक्यात मिसळली, तर दुसऱ्या माणसाला ती तपासता येत नाहीत.

इथल्या चारपाच मराठी घरांतली मुलं शुक्रवारी मराठी वाचायला येतात. त्यांच्यासाठी मी वहीत तीन रकाने आखायला सांगितले : दिसलं, कळलं, वाटलं. ‘दिसलं’मध्ये कवितेत बोट ठेवून दाखवता येईल तेवढंच. ‘कळलं’मध्ये कवितेबाहेरून मिळालेली माहिती. ‘वाटलं’मध्ये स्वतःचं मत, आणि त्याला ‘दिसलं’मधला एक तरी आधार.

बहिणाबाई चौधरींची सुगरणीच्या खोप्यावरची कविता घेतली. मुलांनी सुगरणीचा खोपा प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता, म्हणून चित्र दाखवलं. ‘दिसलं’मध्ये त्यांनी लिहिलं : पिलांसाठी घर आहे, चोच हेच हत्यार आहे, आणि शेवटी बोलणं एकदम माणसाकडे वळतं. ‘कळलं’मध्ये मी सांगितलं, की बहिणाबाई (१८८०–१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करताना त्या गाणी रचत, मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी ती उतरवून घेत. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. मुलांना हेही सांगितलं, की सुगरणीचा खोपा विणतो तो नर. मादी येऊन पारखते आणि पसंत पडला तर राहते.

मग ‘वाटलं’. एक मुलगा म्हणाला, “मला नाही आवडला शेवट. पक्ष्याला ते जन्मतःच येतं. आपल्याला शिकावं लागतं. मग टोमणा आपल्याला का?” एक मुलगी म्हणाली, “नर बांधतो तर कविता चुकली का?” त्यावर तिसरी म्हणाली, “घरात आईच राबताना दिसते, म्हणून त्यांना पक्षीणच दिसली असेल.”

यातलं एकही वाक्य मार्गदर्शकात सापडणार नाही. तिन्ही मात्र तपासता येतात. मुलाचा आक्षेप कवितेच्या शेवटावर बोट ठेवून केलेला आहे. त्याच्याशी वाद घालता येतो : कविता कौशल्याची तुलना करते की जिद्दीची? मनाला भिडल्याच्या दाव्याशी वाद घालता येत नाही, कारण त्याला कशाचाच आधार नसतो.

तुम्ही म्हणाल, रुची घडवावी लागते. लहान मूल आधी ‘नमस्कार कर’ म्हटल्यावर वाकतं, आदर मागाहून येतो. मनाचे श्लोकही आपण अर्थ कळण्याआधी पाठ केले. तसं आधी ‘सुंदर आहे’ म्हणू दे, सौंदर्य पुढे जाणवेल. हा मुद्दा वजनदार आहे, आणि त्याचा अर्धा भाग मला मान्य आहे. मीही मुलांकडून कविता पाठ करून घेते. ओमानमध्ये उंटावरून जाताना म्हणायची ‘तघरूद’ नावाची गाणी आहेत. उंटांच्या चालीला धरून ती म्हणतात. आपल्या ओव्या जात्याला धरून आल्या. अशी लय आधी अंगात जाते, अर्थ सावकाश येतो. पण पाठांतरात कुठलाही दावा नसतो. श्लोक म्हणणारं मूल ‘हे मला पटलं’ असं म्हणत नाही. रसग्रहण लिहिणारं मूल मात्र ‘मला जाणवलं’ असं सही करून सांगत असतं. म्हणून कविता पाठ करायला लावावी, अभिप्राय पाठ करायला लावू नये.

परदेशातल्या आपल्या घरांत याला आणखी एक पदर आहे. इथे मराठी कवितेकडे भाषेची पालखी म्हणून पाहिलं जातं. मूल ‘बोअर आहे’ म्हणालं, की आपल्याला आजोळाचा अपमान झाल्यासारखा वाटतो. मग ते शहाणं मूल मराठीत कौतुक तेवढं करायला शिकतं, आणि खरी मतं इंग्रजीत मांडायला लागतं. ज्या भाषेत नाही म्हणता येत नाही, त्या भाषेत ते किती दिवस विचार करील?

अवघड भाग पुढे आहे. माझी भाची महाराष्ट्रात दहावीला आहे. शुक्रवारी ती फोनवरून आमच्यात बसते. एकदा तिनं विचारलं, “आत्या, परीक्षेत खरं लिहू की मार्कांचं लिहू?” आमच्या इथल्या मुलांना या वहीची काही किंमत मोजावी लागत नाही. तिला लागेल. सत्याचा आग्रह माझा आणि गेलेला गुण तिचा, अशी वाटणी न्यायाची नाही. मी तिला सांगितलं, की आशय आणि भाषा या दोन्हींत लिहिण्यासारखं खरं भरपूर असतं : कोण बोलतंय, कुणाशी, कोणता शब्द पुन्हा येतो, सूर कुठे बदलतो. ते सगळं लिही. न आवडलेलं परीक्षेत लिहायलाच हवं असं नाही, गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. ‘मनाला भिडते’ एवढं मात्र भिडली असेल तरच लिही. त्या वाक्याचा अर्धाएक गुण जाईल कदाचित. तो सोडायचा का, हे तिनं ठरवायचं आहे.

पेपर तपासणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्या अर्ध्या गुणाचा विचार तुम्हीही करावा. आणि आईवडील असाल, तर मूल कविता आवडली नाही म्हणेल तेव्हा रागावण्याआधी एकच विचारा : “कुठल्या ओळीपासून?” त्याला ओळ दाखवता आली, तर त्यानं कविता वाचली आहे.